अकरा सेकंदांचं भाषांतर

अजमान लिहू का? लिहितो.
गावाचं नाव घेतल्यानं कुणाची अब्रू जात नाही.
मालकाचं नाव मात्र लिहीत नाही,
कवितेतसुद्धा नाही.
माझ्याकडे गोल शिक्का आहे, व्हिसा आहे,
आणि खारेपाटणला आईच्या औषधांचं बिल.

सरकारी वकिलाच्या कचेरीत
फोन पारदर्शक पिशवीत, नंबर लावून,
काच एका कोपऱ्यात तडकलेली.
अधिकाऱ्यानं बटण दाबलं
आणि त्या थंड खोलीत गडहिंग्लजचा बाजार शिरला:

"चार महिन्याचं पैसं खाल्लास,
मेल्या, माझ्या लेकराच्या फीचं खाल्लास,
तुझं तळपट हुईल."

अकरा सेकंद.
वनमाला तिवडे, वय एक्केचाळीस,
अबायांच्या बाह्यांना जर लावणारी.
हा आवाज तिनं साठ जणांच्या ग्रुपवर सोडला.
सात मिनिटांनी पुसलाही.
तेवढ्यात कुणीतरी तो जपून ठेवला होता,
पगाराची पावती ठेवत नाहीत इतका जपून.

मी शपथ घेतलेला भाषांतरकार.
राजापूरच्या मदरशात अरबी शिकलो
ती काही बायकांचे तळतळाट मोजायला नव्हे,
पण पानाला पन्नास दिरहम मिळतात.

'पैसे खाल्ले' सोपं गेलं.
अरबीतही माणसं पैसे खातातच,
क्रियापदसुद्धा तेच. शब्दाला शब्द चपखल बसला
आणि तोच तिच्या अंगाशी आला.
खाल्ले की नाही, हे कुणी विचारलं नाही.
ती फाईल वेगळी, खिडकी वेगळी, मजला वेगळा.
इथं प्रश्न एवढाच:
म्हणालीस की नाही?

मग 'मेल्या'.
मृत माणसा, असं लिहिलं तर धमकी होते.
आमच्या शेजारच्या येसूकाकू मला रोज म्हणायच्या,
मेल्या, जेवून जा.
आता हे कायद्याला कसं सांगू, जेवणासकट?
मी लिहिलं, 'अरे माणसा'.
पेन थांबलं तेव्हा एसीचा आवाज ऐकू आला.

'तळपट'ला तर काही मिळेना.
घर, वंश, चूल, सगळं एका शब्दात सपाट.
कलमाला हवा होता अपमान.
या शब्दात मला तो दिसेना,
दिसला नुसता हिशेब, चार महिन्यांचा.
शेवटी लिहिलं, 'अल्ला तुला बरकत न देवो'.
अधिकारी वाचून किंचित हसला.
त्याची आजीही म्हणत असावी.
शिक्का उमटला.

अब्रू म्हणजे तोंडावरचं पाणी,
फारशीतून वाहत आपल्याकडं आलेलं.
या किनाऱ्यावर पाणीसुद्धा
समुद्रातून मीठ काढून करावं लागतं,
म्हणून असेल, मालकाचं पाणी इतकं महाग.
वनमालाबाईच्या तोंडावरचं
चार महिने खारंच राहिलं.
त्याची कलमं असतील, पण वरच्या मजल्यावर.

बाहेर पायऱ्यांवर तिनं मला गाठलं.
"काय लिवलासा माझ्या नावानं?"
सांगितलं. जरा फुशारकीनंच सांगितलं,
सौम्य केलंय बाई, दंडावर भागेल.
तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"देवाला कशाला मधी घेतलासा?
म्या त्येला म्हटलं.
माझ्या तोंडानं म्हटलं."
आणि उन्हात बसस्टॉपकडं गेली,
फोन नसलेल्या हाताचं काय करावं
ते न कळून तो पोटाशी धरून.

रात्री घरच्या ग्रुपवर लेकीनं विचारलं,
अब्बा, आजचा दिवस कसा गेला?
तीन ओळी लिहिल्या. पुसल्या.
पुन्हा एक लिहिली, तीही पुसली.
मग नुसता अंगठा पाठवला.
चार भाषा येणाऱ्या माणसाचा
अंगठा.